लिंक नको, भटारखाना दाखवा

गेल्या महिन्यात कलघटगी तालुक्यातल्या एका आईने माझ्यापुढे मोबाइल धरला. "मॅडम, हे खरं आहे का बघा की." पडद्यावर पांढरी उंच टोपी घातलेला हसरा मुलगा होता. त्याखाली घरबसल्या हॉटेल मॅनेजमेंट, नोकरीची हमी आणि फी हप्त्याने भरायची सोय. मुलगी बारावी झालेली, धाकटा भाऊ शाळेत, घरी पावसावरची भातशेती. धारवाडला ठेवायचे म्हणजे खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे आले. फोनवर शिकली तर त्यातले काहीच लागणार नाही. आईचा हिशेब चुकला नव्हता. तिला दाखवलेलाच हिशेब अर्धा होता. त्याच अर्ध्या हिशेबाविरुद्ध मी हे लिहिते आहे.

हुबळी-धारवाडात 26 वर्षे मी हॉटेलच्या कामासाठी मुले तयार केली. आधी वाढप शिकवले, मग भटारखाना. आता गावात जिथे या विषयावर चार माणसे जमतात तिथे एकच सूर लागतो: प्रात्यक्षिकसुद्धा ऑनलाइन होऊ शकते, व्हिडिओ दहा वेळा मागे नेऊन बघता येतो, फोटो पाठवला की तपासणारा गुण देतो, आणि मुख्य म्हणजे खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत पोहोचण्याचा हाच एक मार्ग आहे. हे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. त्यातली काही माझीच जुनी सहकारी आहेत. पण त्यांनी कामाची जागाच नीट ओळखलेली नाही, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

टाळेबंदीने हे सिद्ध केले, असा त्यांचा पहिला दाखला असतो. 2020 साली काय सिद्ध झाले ते मी सांगते, कारण त्या वर्षी कॅमेऱ्याच्या या बाजूला मी बसले होते. नवलगुंद तालुक्यातला एक मुलगा होता. त्या दिवशीचा धडा व्हाइट सॉसचा. लोण्यात मैदा परतायचा, रंग चढू द्यायचा नाही, दूध थोडे थोडे घालत घोटायचे, गुठळी राहता कामा नये. त्याने फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला होता. एका बर्नरची शेगडी. घोटायला ताकाची रवी. दूध अर्धा लिटर, म्हणजे त्या घरच्या दिवसभराच्या चहाचे. मागून आई कन्नडमध्ये विचारत होती, हे पिठलं खाणार कोण? सॉस मात्र मुलाने सुरेख केला. फोटो आला आणि मी पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढच्या हंगामात तो गोव्यातल्या एका हॉटेलात कामाला उभा राहिला. शेफने त्याला पाच लिटर सॉस करायला सांगितला. पाच लिटर दूध अर्ध्या लिटरसारखे वागत नाही. वरून शांत दिसते आणि खाली धरायला लागलेले असते. ते डोळ्यांना कळत नाही. बुडाशी उलथने जरा जड चालायला लागले की मनगटाला कळते, आणि त्या क्षणी आच उतरवायची असते. त्याच्या मनगटाला हे कधी कळलेलेच नव्हते. सॉस बुडाला लागला. करपट वास दुधात एकदा उतरला की काढता येत नाही, सगळा ओतून द्यावा लागला. मुलाला भाज्या सोलायला बसवले आणि चार महिने तो तिथून उठला नाही. मला फोन केला तेव्हा त्याने तक्रार केली नाही. "मॅडम, बुडाला लागताना हाताला कळतं हे मला माहीतच नव्हतं," एवढेच म्हणाला. ते गुण माझ्या सहीचे होते. ती चूक माझी आहे, आणि तीच आता धोरण म्हणून कुणी करायला निघाले असेल तर मी गप्प बसणार नाही.

घरच्या चार-सहा माणसांचा स्वयंपाक अतिशय चांगला करणाऱ्या बायका आपल्या गल्लोगल्ली आहेत. तरी लग्नाच्या पंगतीला आपण आचारी बोलावतो. का? तिखटमिठाचे प्रमाण नुसते पन्नासाने गुणून चालत नाही, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मोठे पातेले उशिरा तापते आणि उतरवल्यावरही आतून शिजत राहते. मोठ्या टोपातल्या भातावर झाकण कधी ठेवायचे ते भाताच्या आवाजावरून ठरते. आपल्या दोन्ही शहरांच्या मधे रायापूरला अक्षय पात्रचे स्वयंपाकघर आहे, तिथून शाळांतल्या लाखाहून अधिक मुलांचे दुपारचे जेवण निघते. अशा ठिकाणी नवे पोर एक दिवस नुसते उभे राहिले तरी प्रमाण म्हणजे काय ते अंगावर येते. घरच्या शेगडीवर, आईच्या पातेल्यात हा धडा नाही. कॅमेरा कितीही चांगला असला तरी नाही.

वाढपाचेही तेच. डाव्या तळहातावर ट्रे, ट्रेवर पाण्याने भरलेले सहा ग्लास. कडेचा एक ग्लास उचलला की ट्रे उरलेल्या वजनाकडे कलतो, आणि तो कलायच्या आधी तळहात अर्धा इंच सरकलेला असावा लागतो. हे बोलून शिकवता येत नाही. मी मुलाच्या तळहाताखाली माझी दोन बोटे लावते, ट्रेचा मध्य कुठे आला ते दाबून दाखवते, आणि दुसऱ्या हाताने न सांगता एक ग्लास काढून घेते. पहिल्या दिवशी पाणी सांडते. चौथ्या दिवशी हात आपण होऊन सरकतो. चुकणारा हात त्याच क्षणी दुसऱ्या हाताने धरायला लागतो. अर्ध्या तासाने आलेला शेरा त्या हातापर्यंत पोहोचत नाही. हुबळीच्या कुठल्याही खानावळीत जाऊन ज्वारीची भाकरी बडवणाऱ्या अक्काला विचारा, तू कशी शिकलीस. ती आई किंवा सासूचे नाव घेईल आणि लगेच बोटावरचा चटका दाखवील.

आणि गिऱ्हाईक? गाडी चार तास उशिरा आली, रात्री साडेदहाला कुटुंब दारात उभे, लहान मूल रडते आहे, आजोबांना मधुमेह, त्यांना ताबडतोब काहीतरी हवे, आणि भटारखान्यात भट्ट्या विझवायला घेतल्या आहेत. अशा वेळी आधी कुणाकडे बघायचे, काय कबूल करायचे, आत जाऊन आचाऱ्याला कोणत्या शब्दांत विनवायचे? हा सगळा व्यवसाय या दहा मिनिटांत आहे. व्हिडिओत कुणी रडत नाही. कुणी तुमच्यावर ओरडतही नाही.

हे माझे एकटीचे मत असते तर म्हातारीचा हट्ट म्हणून सोडून देता आले असते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन शिक्षणाची 2020 ची नियमावली आहे. या मार्गाने जे अभ्यासक्रम चालवता येत नाहीत त्यांच्या यादीत वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि औषधनिर्माणशास्त्र आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी आणि पाकशास्त्रही आहे. ज्यात हाताने करणे हाच अभ्यास आहे, ते शिक्षण पडद्यावरून द्यायचे नाही, इतका सरळ विचार त्यामागे आहे. नर्स ऑनलाइन तयार होणार नाही हे आपल्याला चटकन पटते. मग रोज शेकडो लोकांच्या पोटात जाणारे अन्न जिच्या हातून जाणार, ती मुलगी ऑनलाइन तयार होईल हे का पटावे? जाहिरातवाले नियमातून पळवाट काढतात. पदवी म्हणायचे नाही, 'कोर्स' म्हणायचे, प्रमाणपत्रावर सोनेरी रिबन छापायची. कलघटगीच्या आईला पदवी आणि प्रमाणपत्र यांतला फरक कुणी सांगितलेला नसतो. जाहिरातीचा सगळा डोलारा त्या न सांगण्यावर उभा आहे.

परदेशात हे सर्रास चालते, असे मग सांगतात. बघू या. अमेरिकेत एस्कॉफिए या मोठ्या फ्रेंच शेफच्या नावाने पाकशाळा आहे आणि ती ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. मुले घरी रांधतात, फोटो पाठवतात, चव शब्दांत लिहितात. इथवर सगळे खरे आहे. पण खऱ्या चालत्या भटारखान्यात ठरलेले आठवडे काम केल्याशिवाय तिथे अभ्यासक्रम पुरा होत नाही. शिवाय तिथल्या विद्यार्थ्याच्या घरी बहुधा चार बर्नर, ओव्हन आणि मोठा फ्रिज असतो. आमच्याकडे दाखला अमेरिकेचा देतात आणि त्यातले भटारखान्याचे आठवडे तेवढे गाळतात.

याच मातीतला एक दाखला मला नेहमी आठवतो. धारवाडात जन्मलेल्या गंगूबाई हनगल लहानपणी ग्रामोफोनचा आवाज कानी पडला की रस्त्यावर धावत जायच्या आणि ऐकलेले गळ्यातून काढून बघायच्या. ग्रामोफोन हे त्या काळचे ऑनलाइनच. घरबसल्या, हवे तेव्हा, पुन्हा पुन्हा. त्याने त्यांचा कान तयार केला, आणि ते काही कमी नव्हे. पण गाणे शिकायला त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला, सवाई गंधर्वांपुढे जाऊन बसत. गुरूने स्वर तिथल्या तिथे थांबवायचा, पुन्हा घ्यायला लावायचा, यासाठी तो प्रवास होता. तबकडी कुणाला थांबवत नाही.

आता सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे येते, कारण बाकीचे लोक याच मुद्द्यावर विरघळतात. गरिबांची सोय. मी विचारते, या सोयीत पैसा नक्की कुणाचा वाचतो? शिकवण्याचा भटारखाना चालवायचा तर गॅसच्या टाक्या, धूर ओढणारी चिमणी, मोठी शेगडी, ओटे आणि सुऱ्या लागतात. वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक उभा लागतो. रोजची भाजी, दूध, तेल, आणि मुले शिकताना जे बिघडवतात ते सगळे. व्हिडिओ एकदा काढला की पाच जण बघोत की पाच हजार, खर्च तेवढाच. म्हणजे वाचला तो संस्थेचा भटारखाना. फी वाचली नाही. दूध कुणाच्या घरचे गेले ते वर सांगितलेच आहे. गरिबांची सोय म्हणत गरिबाच्याच चुलीवर प्रयोगशाळा चालवायची आणि तिचे भाडेही त्याच्याकडूनच घ्यायचे, हे मला सोय वाटत नाही.

मुलीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कुणी बोलत नाही. घरात बसून शिकणारी मुलगी घरच्यांच्या लेखी शिकत नसते, ती घरीच असते. धडा चालू असताना तिला हाक येते: पाणी आण, भावाला वाढ, पाहुणे आलेत चहा टाक. 2020 च्या वर्गात मुलींचे चौकोन मधेच रिकामे होत आणि दहा मिनिटांनी पदराला हात पुसत त्या परत येत. मुलांचे चौकोन असे रिकामे होत नसत. वर्गाला भिंती असतात, त्या भिंती मुलीचा वेळ राखतात. पाठीवर पिशवी टाकून ती घराबाहेर पडली की पाच-सहा तास तिचे असतात. आणि बस? कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायका-मुलींना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. कलघटगीची मुलगी रोज हुबळीला येऊन शिकून संध्याकाळी घरी जाऊ शकते, जाण्यायेण्याला एक पैसा न मोडता. एवढी मोठी अडचण सरकारने दूर केलेली असताना आपण तिला सांगायचे, की घरीच बस आणि फोनवर बघ?

नोकरीचेही असेच. हॉटेलात मुलगी पाठवायची म्हटले की आमच्याकडचा बाप आधी नाही म्हणतो. रात्रपाळी, परका गाव, लोक काय म्हणतील. हा नकार सोनेरी रिबनीच्या कागदाने वितळत नाही. तो बाप एक दिवस धान्य बाजारच्या कामाला हुबळीत येतो, जाता जाता संस्थेत डोकावतो, मुलगी डोक्याला जाळी बांधून कांदा चिरते आहे, शेजारी दहा मुली आहेत, शिकवणारी बाई त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते आहे, हे बघून जातो. तीन महिन्यांनी तो स्वतः मुलीला बेळगावला सोडायला जातो. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. माझ्या मुलांना नोकऱ्या लागल्या त्यातही कागदाचा वाटा थोडाच होता. एका शेफने दुसऱ्या शेफला फोन करायचा, "पोरगं बघितलंय मी, हात चांगला आहे," आणि तेवढ्यावर काम व्हायचे. ज्याचा हात कुणीच बघितलेला नाही त्याच्यासाठी हा फोन कोण करणार?

ऑनलाइनला मी दार लावत नाही. सांगण्या-समजण्याचा भाग फोनवर खुशाल शिकवावा. पदार्थांची नावे, मेनूची मांडणी, एका किलो मटणातून हाडे-चरबी जाऊन हाती किती येते त्याचा हिशेब, पाहुण्याशी बोलायचे इंग्रजी. शिजलेले अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे फार वेळ राहिले की जंतू वाढतात, हा नियम व्हिडिओत उत्तम समजतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक सांगितला आहे, त्या प्रशिक्षणातला वाचायचा भाग घरी व्हावा. एवढे घरी झाले तर भटारखान्यातला वेळ फक्त हाताच्या कामाला उरेल आणि मला ते हवेच आहे. मात्र फोनने भटारखान्याचा वेळ वाचवावा. त्याने भटारखानाच गिळला तर मी विरोध करणार.

मग म्हणतात, एवढे भटारखाने आणायचे कुठून? हे आहे तेच न बघणे झाले. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 2009-10 मध्ये 'हुनर से रोजगार तक' ही योजना आणली. आठवी पास मुलांना समोरासमोर, फी न घेता, रांधणे आठ आठवडे आणि वाढप सहा आठवडे. म्हणजे हाताचे काम शिकायला तीन वर्षांचे वसतिगृह लागतेच असे नाही, हे सरकारी योजनेतच मान्य झालेले आहे. दुसरे, 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा. 2019 मध्ये त्याचे नियम बदलले. कंत्राटी धरून 30 किंवा अधिक माणसे कामाला असतील त्या प्रत्येक आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. त्यांच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, सरकार भरते. गोकुळ रोडपासून उणकल तलावापर्यंत जी मोठी हॉटेले उभी आहेत, त्यांच्याकडे या जागा आहेत का, त्यावर कोण बसले आहे, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेले? ऑनलाइनच्या परिसंवादाला मात्र सभागृह भरते.

आणि माझा सगळ्यात जवळचा मुद्दा मंगल कार्यालयांचा. हुबळी-धारवाडात कल्याण मंटप किती आहेत ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येकाच्या मागे शे-दोनशे माणसांपासून हजारापर्यंतचे जेवण उतरवणारे स्वयंपाकघर आहे. मोठ्या भट्ट्या, धुवायच्या मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, सगळे तयार. मुहूर्त नसला की त्याला कुलूप. आषाढात तर महिनाभर तिथे मांजर फिरते. हॉटेलांचे भटारखानेही दुपारी तीन ते सहा थंड असतात. हुबळीच्या सिद्धारूढ मठात रोजचा दासोह, म्हणजे अन्नदान, चालतो. तिथे एका वेळी किती तांदूळ चढतो आणि तो कुणाच्या अंदाजाने उतरतो, हे बघायला आठवडाभर मुले पाठवली तर मठ नको म्हणेल असे मला वाटत नाही. किल्ल्या मागायला माणूस गेला पाहिजे, एवढेच.

गेल्या आषाढात मी गेले होते. विद्यानगरच्या बाजूला एका मंटपाच्या मालकांनी तीन आठवडे स्वयंपाकघर उघडून दिले. गॅस आणि सामान आम्ही वर्गणी करून आणले. 14 मुले-मुली, त्यांत नऊ मुली. जुना एक लग्नाचा आचारी, साठी ओलांडलेला, रोज चहाच्या पैशावर येऊन बसला. पहिल्याच दिवशी त्याने दहा किलो तांदळाच्या टोपावर झाकण ठेवले, सगळ्यांना जवळ बोलावले आणि म्हणाला, बोलू नका, ऐका. आधी खदखद, मग ती दबते, मग तळातून चुरचुर सुरू होते. "आता," म्हणून त्याने आच काढली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून मुलींना ओळखायला लावले. तीन जणींना जमले. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना. तो भात आम्ही जवळच्या वसतिगृहात नेऊन वाढला, वाढपाचा धडाही तिथेच झाला. त्यातल्या सहा जणी आज कामावर आहेत.

कलघटगीच्या त्या आईला मी फॉर्म भरू नका म्हटले. "अक्का, येत्या आषाढात पुन्हा तीन आठवडे आहेत. सकाळच्या बसला बसवा, तिकीट नाही. सुती कपडे घालू द्या, ओढणी नको, पायात बंद चप्पल हवी. पहिल्या दिवशी कांदाच आहे, दहा किलो. आणि त्या दिवशी तुम्हीही या बरोबर, तिचे बाबाही येऊ देत. भट्टी कुठे आहे, मुली कुठे उभ्या राहतात, ते बघून जा."

त्या म्हणाल्या, "मोबाइलवाल्यांना मी विचारलं होतं की, स्वयंपाक कुठे करायचा म्हणून. त्यांनी मलाच विचारलं, घरात गॅस आहे ना?"